बाबूजींना चढवलेली वर्दी

४ नोव्हेंबर, मंगळवार. कुडवा

बाबूजींना जाऊन आठवडा नाही झाला अन् चौकात फ्लेक्स लागला. ऑटोतून उतरले आणि पाहतच राहिले. मुंडकं बाबूजींचं, धड भलत्याच कोणाचं. छातीवर पदकंच पदकं, हातात बंदूक, मागे रणगाडा. खाली मोठ्या अक्षरात 'वीर योद्धा'.

बाबूजी फौजेच्या बँडमध्ये होते. क्लॅरिनेट वाजवायचे. पेन्शनीवर आले, इथं किराणा टाकला, गल्ल्याशेजारी पेटी ठेवली, अन् साखर तोलता तोलता जन्म गाण्यात काढला. मला सा लावायला शिकवला तो त्याच गल्ल्यावर, फ्रॉकात होते तेव्हा. हे साऱ्या कुडव्याला ठाऊक आहे. मग हा बंदूकवाला कोण?

राजूला विचारलं. म्हणे, "ताई, चांगला फोटो एकच होता, त्यात पेटी होती समोर. पेटीवाला फोटो बरा दिसते काय चौकात?"

धाकटा भाऊ आहे, घर पाहुण्यांनी भरलेलं. नाही तर कानाखाली काढली असती.

५ नोव्हेंबर, बुधवार

फ्लेक्सच्या दुकानात गेले. मालक पान चघळत म्हणाला, "दीदी, फौजी है तो फौजी दिखना चाहिए ना." म्हटलं, हे अंग कोणाचं आहे? "कंप्यूटर में रहता है. सबको यही बॉडी लगाते. पिछले महीने फुलचूरवाले सूबेदार साहब को भी यही लगाया."

म्हणजे आमच्या भागातले सगळे म्हातारे फौजी एकाच धडावर वर चालले. हसावं की रडावं कळेना. बदलून दे म्हटलं, तर म्हणे ऑर्डर भैया की है, भैया बोलेंगे तो.

भैया म्हणजे आमचा राजू. भैया बोलणार नाहीत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बसायला बायका येऊन राहिल्या. मागच्या गल्लीतली शांताबाई म्हणाली, "अंतरा संपल्याशिवाय तेल नाही द्याचा बुढा. माही फोडणी करपली ना एक डाव! म्हटलं, बाबूजी, द्या ना लवकर. तं म्हंते, थांब, समेवर येऊ दे."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. खूप हसले, मग रडू आवरेना. राजूची बायको हळूच म्हणे, ताई, लोकं पाहून राहिले. पाहू दे!

मंडईचे दिवस आहेत, दिवाळीनंतरच्या जत्रांचे. गावागावात दंडार, नाटकं. या दिवसांत बाबूजी दुकानाला कुलूप लावून जायचे, आई बडबडत राहायची. परत आले की चार दिवस तीच गाणी. गिऱ्हाईक चुकीचं गुणगुणलं तर सुधारून द्यायचे, मग डाळ. एवढं सगळं त्या फ्लेक्सवर कुठं आहे?

१० नोव्हेंबर, सोमवार. तेरवी

जेवणाआधी श्रद्धांजली सभा. राजूने एक पुढारी बोलावले होते, ते अर्धा तास बोलले. दुश्मनाला पाणी पाजलं म्हणे, छातीचा कोट केला म्हणे. गाण्याचं अक्षर नाही. शेवटी जाहीर केलं, चौकात बाबूजींच्या नावाचा दगड बसवू. टाळ्या. तेरवीला टाळ्या!

रामटेके काका तिरोड्याहून आले होते. बाबूजींच्याच बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, सोबतचे तेवढे एकच उरले. त्यांना कोणी मागच्या रांगेत बसवलं होतं, पंख्याच्याही पलीकडे. हाताला धरून पुढे आणलं.

पंगतीत त्यांच्याजवळ बसले. काका सावकाश म्हणाले, "लढाई लागली का बँडवाले बाजा ठेवतात अन् स्ट्रेचर उचलतात, बाई. तुह्या बापानं एक गोळी नाही झाडली. माणसं वाहून आणली. एक जखमी पोट्टा होता, त्याले झोप येऊन राहिली होती. झोपला तं गेला. म्हून तुहा बाप रस्ताभर गाणे म्हणत आला. खांद्यावर दांडा अन् तोंडात गाणं."

"वाचला?"

"नाही. पण आयकत गेला."

बाबूजी मला कधी बोलले नाहीत हे. एवढ्या वर्षांत एकदाही नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळीच राजूला म्हटलं, दगडावर हे लिही. बँडमध्ये होते, जखमी वाहून आणले, त्यांना गाऊन दाखवलं.

"स्ट्रेचर उचलले लिहू? हमाल वाटन ना, ताई."

हमाल! डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, बंदूक नसली तं बाप लहान होते काऊन रे?

तोही भडकला. "तुले काय, तू तिरोड्याले चालली जाशीन. मले इथं राहा लागते. शाळेत मले बाजेवाल्याचा म्हणत होते, बाजेवाल्याचा! आता तरी कोणी नाही म्हणणार."

हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण याला लाज वाटली म्हणून बाबूजींनी मेल्यावर दुसऱ्याचं अंग घालावं? नाही. मुळीच नाही.

दुपारच्या गाडीने निघाले. स्टेशनवर सोडायला आला, पिशवी खिडकीतून आत दिली अन् वळला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. तिरोडा

राजूचा फोन. दगड रविवारी. मजकूर ठरला, 'वीर योद्धा'च. "ताई, चांगली साडी नेस, पुढच्या रांगेत तुही खुर्ची आहे."

मी दोन शब्द बोलीन म्हटलं. म्हणे घरचे लोक बोलत नसतात. मग रामटेके काकांना बोलू दे. म्हणे पुढाऱ्यांजवळ वेळ नाही.

खुर्ची आहे, तोंड नाही! भांडी आदळली दोन-चार. हे चष्म्यावरून बघत होते, मग पेपरात डोकं घातलं, शहाणे आहेत.

संध्याकाळी काकांच्या घरी गेले. रविवारी चला म्हटलं.

"मले बोलावणं नाही, बाई. अन् आलो तं बोलू देतीन काय?"

"बोलायचं नाहीच आहे. दगडावरचा पडदा सरकला की आपण दोघं गायला लागू. गाणाऱ्याच्या तोंडावर हात कोण ठेवते, पाहूनच घेऊ."

वाटलं, नाही म्हणतील. वय झालं, लोकांत वाईटपणा कोणाला हवा.

काका घसा खाकरून म्हणाले, "तुही पट्टी कोणती?"