आईला शिकवलेलं वाक्य

तलवाडा

चि. राजश्री,
सप्रेम जय भीम.

विमानाची तिकिटं मिळाली. तुझ्या बाळंतपणाला आम्ही दोघांनी फ्रान्सला यावं, हा तुझा हट्ट रास्तच आहे. पण मी येत नाही. माझ्या फ्रेंचच्या क्लासची परीक्षा आहे असं फोनवर सांगितलं, ते खरं नाही.

पुस्तकांवरून फ्रेंच शिकलेला या भागात मी एकटा. इंग्रजीतलं 'आय हॅव सीन' आणि 'आय हॅव कम' एकाच साच्यातलं. फ्रेंचमध्ये दोन्हींची सहायक क्रियापदं वेगळी. माझा एकही विद्यार्थी तिथं चुकत नाही. परवा मात्र तुझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर माझ्याशी फ्रेंचमध्ये बोलल्या आणि मला एकही शब्द कळला नाही. "आवाज तुटतोय," म्हणत मी फोन तुझ्या आईकडे दिला. ती सरळ मराठीत सुरू झाली, "काय वो इहीनबाई, लई वाळल्या की!" त्या तिकडे खळखळून हसल्या.

आलो तर तुझ्या घरात मुक्यासारखा बसेन. इथं शेजारचे सुंदरराव रोज विचारतात, "सर, आता फ्रान्सवाल्यांच्याच चुका काढनार काय?"

आई एकटीच येतेय. काल बॅग भरताना म्हणाली, "इहीनबाईनं तुमचं इचारलं तर? 'माजे मालक आले न्हाईत' हे त्यांच्या भाषेत कसं म्हनायचं, तेवढं तरी शिकवा."

मी शिकवलं. क्रियापद, नकार, उच्चार, सगळं घोटून घेतलं. आता ती ते एका दमात, बिनचूक म्हणते.

तुझे,
अण्णा