सशाचा पाव

प्रिय एवाल्ड,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी त्याला मृत्यूच्या बातमीची काळी कडा आहे का ते तपासलं असशील. तुला मी ओळखते. नाही, काळी कडा नाही, बाबा आहेत. नाताळच्या कार्डापलीकडे आपण एकमेकांना काही लिहीत नाही, त्यामुळे आज मी हात सैल सोडणार आहे आणि तुला शेवटपर्यंत वाचावं लागणार आहे. तेवढा वेळ हॅम्बुर्गच्या बंदरातल्या तुझ्या बोटी तुझ्यावाचून बुडायच्या नाहीत.

आपली खाण बंद झाली हे तुला वर्तमानपत्रातून कळलंच असेल. कोळशाच्या राडारोड्याचा तो काळा डोंगर, ज्यावरून घसरून तू नवीन विजार फाडली होतीस आणि आईचा मार खाल्ला होतास, त्यावर आता भूर्जाची झाडं आलीत. आपल्या घरात एक तुर्की कुटुंब राहतं. त्यांनी बाबांच्या शर्यतीच्या कबुतरांचं खुराडं पाडलं नाही, त्यात कोंबड्या ठेवल्यात. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "कोंबड्या? शर्यतीत उडवणार आहेत का?" आणि स्वतःच्याच विनोदावर खूष झाले. तेव्हा अजून ते अधूनमधून भानावर असायचे. आता नन चालवतात त्या वृद्धाश्रमात ते असतात, आणि मी रोज दुपारी त्यांच्याकडे जाते.

तुला सशाचा पाव आठवतो का रे? मला हल्ली रोज आठवतो. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की आपण दोघं वसाहतीच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहायचो. आंघोळ करूनही डोळ्यांच्या कडांना काजळासारखा कोळसा राहिलेले बाबा यायचे, पत्र्याचा डबा पाठीमागे लपवायचे आणि म्हणायचे, "आज रस्त्यात ससा भेटला. म्हणाला, दोन चिल्लीपिल्ली आहेत ना घरी? हे घेऊन जा." डब्यात पावाचे काप असायचे, कडा वर वळलेल्या, आत मार्गारीन आणि कधी सॉसेजची चकती. त्याला पत्र्याचा, कोळशाचा आणि बाबांच्या घामाचा वास यायचा. ताजा पाव त्याच्यापुढे काहीच नव्हता. घरी आल्यावर तू एकदा विचारलं होतंस, "सशाला पोरं नाहीत का?" आई चुलीपाशी तोंड फिरवून उभी होती. ती हसत असावी असं मला तेव्हा वाटलं होतं.

ती युद्धानंतरची भुकेची वर्षं. आपण सलगमाचं पाणी सूप म्हणून प्यायचो. कोळशावाचून आगगाड्या उभ्या होत्या, कारखाने थंड पडले होते, आणि कोळसा अडला होता तो खाणीत उतरणाऱ्या माणसांच्या रिकाम्या पोटांपाशी. म्हणून शहरातून डॉक्टर आले. त्यांनी काही गडी निवडले, त्यात बाबा होते. या गड्यांना जास्तीचं खायला घालायचं, आठवड्याला वजन करायचं, आणि वाढलेल्या घासामागे कोळसा किती वाढतो ते मोजायचं. शरीर म्हणजे भट्टी, जेवढं टाकाल तेवढं निघेल, असं मोठ्या डॉक्टरांनी समजावलं. तेव्हा बाबांच्या जोडीला काम करणारा युप मागून ओरडला, "मग डॉक्टरसाहेब, आमच्या मॅनेजरांच्या पोटातून एव्हाना अख्खी खाण बाहेर यायला हवी होती!" ही गोष्ट बाबा प्रत्येक लग्नात सांगायचे. पुढचं मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही.

ते खाणं घरी न्यायला बंदी होती. खाणीच्या खानावळीत, देखरेख करणाऱ्यासमोर बसून, तिथल्या तिथे संपवायचं. बरोबरच होतं त्यांचं. पोरांच्या पोटात गेलेल्या पावाचा कोळसा होत नाही. तुला हे सगळं पुढे मोठेपणी कळलं, शाळेत की युनियनच्या पोरांकडून, मला माहीत नाही. तुला खाणीत यायचं नव्हतं, बाबांचा हट्ट होता, आणि भांडण वाढता वाढता तू त्या रविवारी भरल्या ताटावर म्हणालास, "तुम्ही तिथे गरमागरम हादडायचात आणि आम्हाला उष्टं आणायचात! वर ससा म्हणून सांगायचात!" बाबांनी तंबाखूची डबी उघडली, पुन्हा मिटली आणि ते कबुतरांकडे गेले. तू ट्रंक उचललीस. आईच्या अंत्यविधीला आलास तेव्हासुद्धा तू त्यांच्याशी हस्तांदोलन केलंस आणि मिळेल त्या गाडीने परत गेलास. मला तुझा राग आला होता, पण खरं सांगू, तू म्हणालास ते मलाही तेव्हा खरंच वाटत होतं.

आता वृद्धाश्रमातली गंमत ऐक. दर शुक्रवारी सिस्टर बेनेडिक्टा सगळ्यांचं वजन करते. एका शुक्रवारी तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "तुमचे वडील फुलदाणीतलं पाणी प्याले. फुलं काढून ठेवली नीट, आणि पाणी गटागटा प्याले. शेजारच्या आजोबांची फुलदाणीपण!" मला हसू आवरेना. मग काट्यावर उभे राहून ते सिस्टरला म्हणाले, "सगळं खाल्लं, डॉक्टरसाहेब. आईशप्पथ. घरी काही नेत नाही." त्यांच्या चेहऱ्यावरची ती भीती मी कधी पाहिली नव्हती. माझं हसू तिथेच थांबलं.

युपला मी ओढूनच आणलं. त्याची छाती कोळशाने भरलीये, जिना चढताना तीनदा बसतो, पण जीभ तशीच. फुलदाणीचं ऐकून तो आधी खोकला येईपर्यंत हसला आणि मग डोळे पुसायला लागला. म्हणाला, "अगं हेटी, तुझा बाप, हा आलोइस, असाच करायचा. सूप प्यायचा, कारण ते खिशात घालता येत नाही. पाव आणि सॉसेज मात्र सदऱ्याच्या आत. मी देखरेखवाल्याशी भांडण उकरून काढायचो, तेवढ्यात हा लपवायचा. वजन उतरायला लागलं, आता प्रयोगातून काढतील, पाव बंद होईल, म्हणून वजनाच्या आधी नळाला तोंड लावून बसायचा. डॉक्टर चक्रावले होते. खाणं वाढवलं तरी हा वाळतोय, आणि कोळसा तर सगळ्यांच्या बरोबरीने काढतोय. कशावर चालतोय हा गडी?" मी विचारलं, "मग कशावर, युप?" तर तो चिडलाच. "स्वतःच्या अंगावर, अजून कशावर! मी म्हणायचो, खा रे गाढवा, मरशील. तर म्हणायचा, कोपऱ्यावर उभी असतात रे ती."

ते उष्टं नव्हतं, एवाल्ड. उष्टं व्हायला आधी कुणीतरी खावं लागतं. त्या रात्री मी घरी आले आणि स्वयंपाकघरात बसून खूप रडले. आईसाठीही रडले, कारण चुलीपाशी ती हसत नव्हती हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

मी तुला लाजवायला हे लिहीत नाहीये. तू लहान होतास, भुकेला होतास, आणि त्यांनी स्वतःहून कधी सांगितलं नाही. मी लिहितेय कारण बाबा पुन्हा जेवत नाहीत. सूप पितात. पाव रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवतात. मला माझा काप देतात आणि मी खाताना तोंडाकडे बघत बसतात, मग दुसरा काप झाकून म्हणतात, "हा धाकट्याचा." तू खाल्लास असं मी सांगून पाहिलं. म्हणाले, "मी नाही बघितलं." माझ्या मुलाला पुढे बसवलं, तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाव परत झाकला. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर हिवाळा दिसायचा नाही. त्यांचा न खाण्याचा हट्ट मोडायला ना सिस्टरला जमतंय, ना मला. तेव्हा तू ये. माफीबिफीची भाषणं तयार करू नकोस, त्यांना कळणार नाहीत. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बस, ससा कुठे भेटला ते विचार, आणि ते देतील तो पाव, कितीही वाळलेला असला तरी, त्यांच्या देखत शेवटच्या कणापर्यंत खा. मग कदाचित ते स्वतः जेवतील.

कोपऱ्यावर तुझी वाट बघणारी,
तुझीच हेटी