माझ्या शिवणीचं पोतं

शुक्रवार, १४ मार्च १९८६

मॅनेजराने खरं सांगितलं असतं तर मी काय त्याला खाल्लं असतं? "यंदा काजू कमी, म्हणून काम कमी," असं आठ दिवस ऐकवतोय. आणि मी युनियनची म्हणून तेच बायकांना सांगत बसले.

आज कसालला धाकट्या बहिणीकडे गेले, तर ओसरीवर आमच्या कारखान्याचं काजूगराचं पोतं. तोंडाला निळ्या दोऱ्याची शिवण. ती कारखान्यात मीच घालते.

शेवंता केवढी खूश! "ताये, घरात बसान सोलूचा काम गावला गो! आता पोरांका सोडून खंय जावक नको." नवरा गेल्यापासून पहिल्यांदा अशी हसली. तिला कसं सांगू, हे आमच्या हातातलं काम? मग तिच्या शेजारी बसून मीही सालं काढू लागले. "नख लावू नको गो, गर फुटता," एवढंच बोलले.

तिच्या तोंडचा घास मी काढणार नाही. पण आमच्या चाळीस बायकांचं काय? सोमवारी जेवणाच्या सुटीच्या आत मॅनेजराने सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं: किती काम बाहेर जाणार, आणि आमच्यातल्या कोणाला घरी बसवणार?