नात्याच्या रकान्यातील ‘आई’ हा शब्द न खोडण्याबाबत

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी,
दंतसाहाय्यक वाढीव कार्ये प्रशिक्षण,
विभागीय आरोग्य कार्यालय, अलास्का

विषय : अंतिम प्रात्यक्षिकासाठी रुग्ण अर्नाक (वय सात) हिला मान्यता मिळणेबाबत.
संदर्भ : ‘जवळच्या नातलगावर प्रात्यक्षिक करता येत नाही’ असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

मी कुइचुआक गावच्या दवाखान्यात दंतसाहाय्यक आहे. दंतवैद्यांनी कीड कोरून दिल्यावर दाढ भरण्याचे काम मला करता यावे, म्हणून मी आपले प्रशिक्षण घेतले. आता त्यांच्यासमोर एक दाढ भरून दाखवणे तेवढे उरले आहे. हवा बरी असेल तर ते पुढच्या आठवड्यात विमानाने येतील. त्यानंतरची त्यांची फेरी हिवाळ्याच्या तोंडाशी.

रुग्णाशी नाते या रकान्यात मी ‘आई’ असे लिहिले. त्यावर आपल्या कार्यालयातून प्रथम फोन आला की सात वर्षांची मुलगी आपली आई असू शकत नाही. नंतर पत्र आले की ती आपली आई असल्याने चालणार नाही. दोहोंपैकी कोणते तरी एकच धरावे, ही विनंती.

माझी आई वारली त्याच वर्षी शेजारच्या मोझेसला मुलगी झाली आणि आईचे नाव तिला दिले गेले. आमच्यात नाव दिले की माणूस परत येते आणि नातीही परत येतात. मी तिला आई म्हणते, ती मला मुली म्हणते. माझ्या आईला मावशी म्हणणारा खुद्द मोझेस तिला रागावतो तेही, “मावशी, बूट काढून आत ये, किती वेळा सांगायचं तुला?” असेच.

फोनवरच्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, “अहो, ‘नाते नाही’ असं लिहून टाका ना. कोण बघायला येतंय तिकडे?” खरे आहे, इकडे कोणी येत नाही. माझा नवरा गेला, भाऊ शहरात असतो. संध्याकाळी ही मुलगी दार न वाजवता आत येते, चहात आईइतकीच साखर घालते आणि विचारते, “मुली, जेवलीस का?” असे विचारणारे मला दुसरे कोणी नाही. अर्जात हे लिहायचे नसते, पण मी फार एकटी आहे. तिच्याशी नाते नाही असे माझ्या हाताने लिहिले जात नाही.

दुसरा रुग्ण निवडावा, असे आपण सुचवले आहे. या गावात नावाने नाहीतर रक्ताने मला सगळेच लागतात. म्हातारे इफिम तेवढे कुणीच लागत नाहीत, परंतु त्यांना दात नाहीत.

मोझेस उन्हाळ्यात बिऱ्हाड अँकरेजला हलवणार आहे. तिथे तिची दाढ कोणीही भरेल, हे मी जाणते. परंतु आईच्या वेळी गावात दाढ भरणारे कोणी नव्हते, ठणकली की काढायची एवढेच होते. शेवटी शेवटी सुका मासा मी तिला दगडाने कुटून देत असे. तिची एक तरी दाढ मला वाचवायची आहे, आणि ती इथे आहे तोवरच ते जमेल.

मागच्या फेरीत दंतवैद्य तिला तपासत असताना दिवा धरून मी तिला तीनदा विचारले, दुखतंय का. त्यांनी तोंडातला आरसा काढताच ती म्हणाली, “घाबरू नकोस मुली, मला दुखत नाहीये.”

तरी मान्यता द्यावी. ती देणे नियमात बसत नसेल तर मला प्रमाणपत्र देऊ नये, मी पूर्वीसारखी दिवा धरून उभी राहीन. रकान्यातला शब्द मात्र खोडू नये.

उत्तराची वाट पाहत,
आपली नम्र,
अगाफिया वसिली
कुइचुआक, ४ मार्च

सोबत :
१. मोझेस निक यांचे संमतीपत्र.
२. रुग्णाने आपण होऊन पेन्सिलीने लिहून दिलेला कागद : “माझी मुलगी भरेल. तिला येतं.”