रीह की रूह

३ मार्च
वडील एकदा म्हणाले होते, "दक्षिणेत सगळं कोरडं, ताऊस, ओली फक्त माणसांची जीभ." आज किनारा सोडून वाळवंटातल्या या इस्पितळात, बालविभागात नर्स म्हणून रुजू झाले आणि पटलं. खिडकीबाहेर खजुरांची रांग, आत सहा खाटा, हसऱ्या आया. माझ्या नावाचा अर्थ मोर, म्हणून हज करून आलेल्या म्हाताऱ्या हाज्जा बरकाहुमनं लगेच विचारलं, पिसारा किनाऱ्यावरच विसरलीस का, बाई? तिची नात सिहाम, दोन वर्षांची, दुसऱ्या खाटेवर. न्यूमोनिया.

५ मार्च
सिहामच्या फुप्फुसाचा तुकडा जंतूंनी कुजवलाय, भोक पडलंय. वीस वर्षांत हे तिसऱ्यांदाच पाहतोय, डॉक्टर लामीन म्हणाले. छातीत साठलेली हवा निघावी म्हणून बरगड्यांमधून नळी घातली, तिचं टोक बाटलीतल्या पाण्यात. पोर खोकली की पाण्यात बुडबुडे. हाज्जानं विचारलं, हे काय बाहेर येतंय? मास्कमधूनच मी एक शब्द बोलले, रीह. म्हणजे वारा. तिनं पोरीच्या छातीवर हात ठेवला.

६ मार्च
सकाळी बाटली कोपऱ्यातल्या मोरीत ओतली, नवं पाणी भरलं. हाज्जा माझ्या हातांकडे पाहत राहिली. दिवसभर चहा नाही, टोमणाही नाही.

७ मार्च
नळीला काळ्या लोकरीची गाठ. सिहाम निळी, मानेच्या शिरा तटतटलेल्या. धागा कापला तसा वारा फसफसत सुटला, ती श्वास घेऊ लागली.
हाज्जा रडत नव्हती. "तूच म्हणालीस, रूह बाहेर येतेय. पोरीचा प्राण. मी नुसती बघत बसू? आणि तूच तो मोरीत ओतलास."
रूह नव्हे, रीह, दहादा सांगितलं. ती म्हणाली, "मग मार तिला हाक."
मारली. सिहामनं मान वळवली. मोरीकडे.

९ मार्च
ताप उतरला, भोक भरलं. डॉक्टर खूश. पण सुई टोचली तरी सिहाम रडत नाही. आणि भर दुपारी, नळ बंद असताना, मोरीत बुडबुडे.

१० मार्च
मोजले. तिच्या छातीबरोबरच — वर, खाली. मी मोरीच्या जाळीवर तळहात दाबला. तिचे ओठ निळे — हात काढला.
पुन्हा नाही.

११ मार्च
मोरीतून रडणं. बारीक. हाज्जालाही ऐकू येतं. म्हणाली, "तू ओतलीस, तूच काढ."

१२ मार्च
मोरी तुंबलीय, म्हणून दुपारी सफाईवाले ॲसिड ओतणार — डॉक्टर लामीन, हे पान तुमच्या टेबलावर ठेवतेय. नाही म्हणाल, ठाऊक आहे. वेडी ठरवाल. तरी एकच दिवस थांबवा त्यांना. रिकामी बाटली घेऊन मला जाळीपाशी बसू द्या, हाज्जा हाक मारेल, आणि वर येईल ते मी बाटलीत —