तिसऱ्या मजल्यावरचा खांब

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू रिटायर नर्सांच्या जथ्याबरोबर ते जुनं शहर बघायला निघालीस, हे वाचून मला त्या शहराची काळजी वाटली. वेशी, घुमट, महाल सगळं बघ. पण शहराबाहेर पायऱ्यांची विहीर आहे, तिथे माझं एक नाजूक काम आहे. खाली तिसऱ्या मजल्यावर, डावीकडच्या शेवटच्या खांबामागे, सातवीत असताना शाळेच्या सहलीत मी कर्कटकाने एक ओळ कोरली होती. आता मला, इतिहासाच्या मास्तराला, वारसा-समितीचा अध्यक्ष केलंय. पहिलं काम काय, तर भिंतींवर कोरणाऱ्यांना जाहीर दम देणं! आणि भाषण त्याच विहिरीवर, पंधरा दिवसांनी. ओळ अजून दिसते का, एवढंच बघून कळव. वाचू नकोस. हिला तर अजिबात सांगू नकोस.

तुझ्या लोभामुळेच मी एवढा वाह्यात निघालो, आता तो आटवू नकोस.

तुझा,
ढब्बू

२० जानेवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

वाचू नकोस म्हणून तू मला ब्याण्णव पायऱ्या उतरायला लावल्यास. गुडघ्यांनी तुझा उद्धार केला. शहर छान आहे. गाईडने प्रत्येक राजाला दोन राण्या जास्त दिल्या, आम्हाला मात्र पाणी प्यायला उसंत दिली नाही. मैत्रिणींना वाटलं, मी दमून खांबाला टेकलेय. मी चष्मा पुसून कुठल्या सटवीचं नाव निघतंय ते शोधत होते. दोन नावं मनात पक्कीही केली होती.

अक्षर तुझंच, वेलांटीला तेच फाटे. 'ताई इथे आली होती.'

त्या सहलीला माझंही नाव होतं. आईला ताप चढला म्हणून मी घरी राहिले. परत आल्यावर तू धड काही सांगितलंही नाहीस. मला वाटलं, गाढवाला गुळाची चव काय! अरे, पंचेचाळीस वर्षं ते वाक्य धादांत खोटं होतं. काल दुपारी खरं झालं.

जवळच चिखल होता. लिंपून टाकावं असं मनात आलं, पण हात धजेना. आता तुझ्या अब्रूचं तू बघ.

माझी माया होती तशीच आहे. गुडघ्यांचं सांगवत नाही.

ताई

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाषण झालं. दम देण्याआधी सगळ्यांना खाली नेलं, खांब दाखवला आणि पहिला गुन्हेगार मीच, असं सांगून टाकलं. पाहुण्यांनी घड्याळं बघितली. अध्यक्षपद गेलं. नवे अध्यक्ष निष्कलंक आहेत. त्यांनी आयुष्यात कुठलीच विहीर बघितलेली नाही. ही विचारते, माझं नाव का नाही कोरलंत. सातवीत हिला कुठून आणणार होतो!

काल गवंड्याने चुन्यात दगडाची पूड कालवून ओळ बुजवली. घमेलं मीच धरलं होतं. फार खोल नाही गेलेलं, म्हणाला. शेवटचा हात फिरवण्याआधी त्याने सहज विचारलं, ती ताई खरंच आली होती का.

मी छातीठोकपणे हो म्हटलं.

तुझा,
ढब्बू (माजी अध्यक्ष)