बाबांना आणायला गेलो

कर्जत, दत्तजयंती, १९२६, संध्याकाळ

शाळेला सुट्टी होती म्हणून बाबांना कायमचं घरी आणायला सकाळच्या गाडीनं मुंबईला गेलो. एकटाच परत आलो. कोटातल्या जुन्या कॅथेड्रलच्या बागेत ते वीस वर्षं माळी आहेत. आता आई गेली, आता तरी येतील असं वाटलं होतं.

गुलाबाच्या वाफ्यात खुरपं घेऊन बसले होते. पाठ किती वाकली! मला पाहून उठले, धोतराला हात पुसले. म्हणाले, "चल, तुला शहर दाखवतो."

अपोलो बंदरापासून क्रॉफर्ड मार्केटापर्यंत पायी हिंडवलं. ट्रॅम नको म्हणाले. भेटेल त्याला सांगत होते, "माजा ल्योक हाय. कर्जतला मास्तर हाय." लहानपणी त्यांचं बोट धरून असंच हिंडायचं होतं मला. तेव्हा वर्षातून दोनदा यायचे. आज ती वाकलेली पाठ भराभर पुढं चालली होती आणि मी मागं पडत होतो.

बोरीबंदरला शेवटी म्हणालो, "बाबा, घरी चला."

"तितं मला कोण वळखतंय रं? हितं झाडं तरी हायत."

मी ओळखतो, एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हणालो? गाडी सुटली.

घरी हिनं ओटीवर त्यांचं अंथरूण घालून ठेवलं होतं. "मामंजी कुठं आहेत?"

"येत्या रविवारी येतील," मी खोटंच सांगितलं, आणि तिला ते अंथरूण काढू दिलं नाही.